भेगाळलेल्या जमिनीचा फोटो: पुरावा की सवय?



माझ्या संशोधन आराखड्याच्या सादरीकरणात पहिलीच स्लाइड एका फोटोची होती. उमरीजवळचं आमचं शिवार, मे महिन्यातली दुपार, आणि अख्ख्या फ्रेमभर भेगा पडलेली काळी जमीन. खाली मी लिहिलं होतं, 'मराठवाडा: पाण्याच्या प्रतीक्षेत'. समितीवर छाप पडेल असं वाटलं होतं, आणि ती पडलीही. दोघांनी गंभीरपणे मान हलवली. मग गाईड मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "त्याच्या आदल्या पावसाळ्यात तुमच्याकडे पाऊस कसा झाला होता?"

मला सांगता आलं नाही. संध्याकाळी घरी फोन लावला. अप्पा म्हणाले, "त्या साली? बरा झाला होता की. कापूस चांगला निघाला. आपण बोअरची मोटार त्याच साली बदलली नाही का!"

"मग जमीन एवढी भेगाळलेली कशी?"

अप्पा हसले. "आगं, मे महिन्यात काळं रान उलणार नाही तर काय करंल?"

थोडक्यात, फोटो खरा होता, पण त्यावरून मी केलेला दावा खोटा होता. आणि वाईट म्हणजे मी बाहेरची कुणी नव्हते. त्याच रानात लहानाची मोठी झालेली मुलगी मी, पण कॅमेरा हातात आल्यावर स्वतःच्या गावाकडे पेपरात बघितलेल्या फोटोंच्या नजरेनं बघत होते. तुमच्यापैकी बरेच जण पेट, नेट किंवा आराखड्याच्या तयारीत आहेत. प्रबंधात फोटो वापरायचा विचार असेल तर माझ्या या चुकीचा तुम्हाला उपयोग होईल, म्हणून ही पोस्ट.

जमीन वेगळी, भूदृश्य वेगळं

आधी एक संकल्पना समजून घेऊ. आपण 'निसर्गचित्र' किंवा 'लँडस्केप' म्हणतो तेव्हा आपल्याला वाटतं की समोर जे आहे तेच आपण दाखवतोय. सांस्कृतिक भूगोलाचे अभ्यासक डेनिस कॉसग्रोव्ह यांनी १९८४ च्या आपल्या पुस्तकात मांडलं की भूदृश्य म्हणजे नुसती जमीन नव्हे, ती बघण्याची एक रीत आहे. कुठे उभं राहायचं, क्षितिज कुठे ठेवायचं, माणूस आत घ्यायचा की बाहेर ठेवायचा, हे सगळं बघणारा ठरवतो. आणि बघणारा हे आधी पाहिलेल्या चित्रांवरून शिकलेला असतो.

आपल्या भाषेत सांगायचं तर 'रान' आणि 'सीनरी' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेतकऱ्याला रान दिसतं. ओल किती आहे, तण कुठलं आहे, बांध कुणी कोरला, हे तो बघतो. पाहुण्याला सीनरी दिसते. फोटो बहुतेक वेळा सीनरीचा असतो, पण तो रानाबद्दल बोलतोय असं आपण गृहीत धरतो. घोटाळा इथेच होतो.

काळी माती का उलते?

दख्खनच्या बेसॉल्ट खडकाची झीज होऊन जी काळी माती तयार झाली, तिच्यात स्मेक्टाइट गटातली चिकणमाती भरपूर असते. या मातीच्या कणांच्या थरांमध्ये पाणी शिरलं की ती फुगते आणि पाणी निघून गेलं की आकसते. आकसताना तिला भेगा पडतात. मृदाशास्त्रात या मातीला वर्टिसोल म्हणतात. लॅटिनमध्ये 'वर्टो' म्हणजे उलटणं. उन्हाळ्यात वरची भुसभुशीत माती भेगांमधून खाली जाते, पावसाळ्यात खालची माती फुगून वर ढकलली जाते. म्हणजे ही माती स्वतःच स्वतःला हळूहळू उलटत असते. पहिला वळीव पडला की पाणी याच भेगांतून खोल उतरतं. 'रान तापलं पाहिजे' असं जुनी माणसं म्हणतात, त्यातला एक अर्थ हाही आहे.

नांदेड जिल्ह्याच्या पूर्व टोकाला ग्रॅनाइटी खडकही लागतो, पण गोदाकाठची बरीच शिवारं काळी आहेत. अशा जमिनीवर भेगा चांगल्या सालातही पडतात आणि वाईट सालातही पडतात. भेगांवरून आपल्याला एवढंच कळतं की माती काळी आहे आणि महिना उन्हाळ्याचा आहे. दुष्काळ होता की नव्हता, हे त्यावरून सांगता येत नाही.

आता याच मातीची दुसरी बाजू बघा. ही कापसाची माती. १९०० च्या सुमारास निजामाच्या राज्यात सिकंदराबाद–मनमाड रेल्वे सुरू झाली आणि त्या मार्गावरची उमरी कापसाची बाजारपेठ म्हणून पुढे आली. जिनिंग-प्रेसिंग, अडते, व्यापारी असा सगळा पसारा उभा राहिला. हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या कार्यकर्त्यांनी ३० जानेवारी १९४८ ला उमरीची बँक लुटली, हे आपल्याकडच्या बहुतेकांना माहीत असतं. पण लुटण्याएवढा पैसा उमरीसारख्या गावच्या बँकेत का होता, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. कापसाची बाजारपेठ लक्षात घेतली की उत्तराची दिशा सापडते.

म्हणजे ज्या चिकणमातीमुळे भेगा पडतात, तिच्यातच कापूस पिकतो. फोटोत फक्त भेगा येतात. त्या मातीचा इतिहास फोटोत येत नाही.

१९३६ ची कवटी

ही फसगत फक्त आपल्याकडची नाही. १९३६ मध्ये अमेरिकेत मोठा दुष्काळ होता. आर्थर रोथस्टीन हा तरुण छायाचित्रकार तिथल्या सरकारी पुनर्वसन खात्यासाठी फोटो काढत होता. मे महिन्यात साउथ डकोटामध्ये त्याला बैलाची एक वाळलेली कवटी सापडली. त्याने ती भेगाळलेल्या जमिनीवर ठेवून फोटो काढले, मग काही फूट हलवून गवतावर ठेवूनही काढले. भेगांवरचा फोटो वर्तमानपत्रांत गाजला.

त्याच उन्हाळ्यात राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट दुष्काळी भागाच्या दौऱ्यावर होते आणि वर्ष निवडणुकीचं होतं. नॉर्थ डकोटातल्या एका वर्तमानपत्राने फोटो बनावट असल्याचा आरोप केला. कवटी हलवली होती हा एक मुद्दा होताच. पण आपल्यासाठी दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा आहे. ती जमीन क्षारपड होती, आणि तशी जमीन चांगल्या पावसाच्या वर्षीही भेगाळते, असं तिथल्या लोकांचं म्हणणं होतं. अप्पांनी मला फोनवर जे सांगितलं, नेमकं तेच.

लक्षात घ्या, दुष्काळ खरा होता. माणसं खरोखर देशोधडीला लागली होती. पण एका सोप्या फोटोमुळे खऱ्या संकटावरच शंका घ्यायला जागा मिळाली. फोटो निवडताना ढिलाई केली तर आपण ज्यांच्या बाजूने बोलतोय त्यांचंच नुकसान होऊ शकतं.

लातूर २०१६: फ्रेमच्या बाहेर

आता आपल्या जवळचं उदाहरण. मार्च २०१६ मध्ये लातूर शहरात पाण्याच्या टाक्यांच्या परिसरात जमावबंदी लागू झाली. १२ एप्रिलला मिरजेहून पाणी भरलेली पहिली रेल्वे लातूरला पोचली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. त्या गाडीचे आणि मांजरा धरणाच्या कोरड्या पात्राचे फोटो देशभर गेले. लातूर आणि तहान हे समीकरण तेव्हा जे पक्कं झालं, ते अजून सुटलेलं नाही.

ते फोटो खोटे होते का? अजिबात नाही. लोकांनी रात्र रात्र घागरी घेऊन रांगा लावल्या होत्या. पण फ्रेमच्या बाहेर दोन गोष्टी राहिल्या. एक, मांजरा खोऱ्यातला ऊस आणि साखर कारखाने. कोरडं धरण पाहिलं की पाऊस पडला नाही एवढंच मनात येतं. ऊस शेजारी ठेवला की 'होतं ते पाणी कुठे गेलं?' हा प्रश्न येतो. पहिल्या फोटोत दोषी आभाळ असतं, दुसऱ्यात आपली धोरणंही. दुसरी गोष्ट म्हणजे काळ. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात मांजरा धरण भरलं. भरलेल्या धरणाचेही फोटो आले, पण लोकांच्या डोक्यातलं लातूर बदललं नाही.

धरणाच्या कोरड्या पात्राबद्दल आणखी एक. पाणी ओसरलं की तळाच्या बारीक गाळाला चौकोनी-पंचकोनी भेगा पडतात. फोटोग्राफरची ही सगळ्यात आवडती जागा. पण याच उघड्या पडलेल्या जमिनीवर लोक पीक घेतात, त्याला 'गाळपेर' म्हणतात. म्हणजे बाहेरच्याला जिथे विनाश दिसतो, तिथे कुणाचा तरी हरभरा पेरायचा बेत असू शकतो.

फोटो कुणासाठी काढला होता?

मराठवाड्याकडे ठरावीक चौकटीतून बघणं नवं नाही. सहावे निजाम महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) यांनी हैदराबाद संस्थानातल्या वास्तू, लेणी, किल्ले, शिकारी आणि कवायतींचे अप्रतिम फोटो काढले. १८९९–१९०० च्या दुष्काळात औरंगाबाद भागातल्या मदतकार्याचे फोटोही त्यांच्या स्टुडिओच्या नावावर आहेत. असे अल्बम दरबारासाठी आणि ब्रिटिश अधिकाऱ्यांसाठी तयार होत. राज्याचं वैभव दिसावं, आणि संकट आलं तर सरकार काय करतंय ते दिसावं, हा त्यांचा उपयोग.

या दोन चौकटींच्या मधला मराठवाडा, म्हणजे बाजाराचा दिवस, कापसाच्या गाड्या, रोजची पेरणी, फारसा कुणी मागवला नाही. म्हणून जुन्या संग्रहात फोटो सापडला की 'यात काय दिसतं' याआधी 'हा कुणी मागवला' हे विचारायचं. आज मागवणारे बदललेत. वृत्तसंपादक आहेत, संस्थांचे अहवाल आहेत, आणि आपल्यासारखे स्लाइड बनवणारे आहेत.

आता काही जण म्हणतील, मग चांगले फोटो टाका ना! सहस्रकुंडचा धबधबा, किनवटचं सागाचं जंगल, भरलेली गोदावरी. जरूर टाका. पण दुःखाच्या फोटोला पोस्टकार्ड हे उत्तर नाही. एका चौकटीतून उठून दुसरीत जाऊन बसण्यासारखं ते आहे. शिवाय नांदेड जिल्ह्यात सरासरी पाऊस बीड-धाराशिवपेक्षा जास्त पडतो. तेव्हा 'मराठवाडा' या एका शब्दाखाली एकच भूदृश्य ठेवणं, मग ते भकास असो की हिरवंगार, मुळातच चुकीचं आहे.

हिरवा फोटो

सादरीकरणानंतर मी पद्धत बदलली. आमच्या शिवारातली एक जागा ठरवली, बांधावरच्या बाभळीपाशी. दर महिन्याला तिथूनच, त्याच दिशेला, साधारण त्याच वेळी एक फोटो. वर्षभराने बारा फोटो छापून घरी ओट्यावर मांडले आणि अप्पांना विचारलं, "यातला सगळ्यात वाईट फोटो कुठला?"

मला वाटलं होतं ते मे महिन्याचा उचलतील. त्यांनी ऑगस्टअखेरचा उचलला. पूर्ण हिरवागार सोयाबीनचा फोटो.

"हा? हा तर किती छान आलाय."

"छान दिसतोय. पण इथं पावसानं ताण दिला होता. शेंगा भरायच्या वक्ताला पाणी नव्हतं. वरून हिरवं, आत पोचट."

तो फोटो मी काढला होता, काढताना तिथे उभी होते, तरी मला ते दिसलं नव्हतं. पावसाचा खंड सोयाबीनच्या नेमक्या अवस्थेत आला तर उत्पन्न जातं, आणि कॅमेऱ्यात रान हिरवंच येतं. म्हणजे भेगाळलेला फोटो चांगल्या सालचा असू शकतो आणि हिरवा फोटो नुकसानीचा. २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्यात पिकं पाण्याखाली गेली, तेव्हा तर पाण्याने भरलेलं रान हेच संकटाचं चित्र होतं.

मी अप्पांसोबत नकळत जे केलं त्याला संशोधनात नाव आहे, 'फोटो एलिसिटेशन'. फोटो समोर ठेवून मुलाखत घ्यायची. जॉन कोलियर यांनी १९५७ मध्ये ही पद्धत मांडली. याच्या पुढची पायरी 'फोटोव्हॉइस', म्हणजे कॅमेराच लोकांच्या हातात द्यायचा. कॅरोलिन वांग आणि मेरी अॅन बरिस यांनी १९९० च्या दशकात चीनमधल्या युन्नान प्रांतातल्या खेड्यांतल्या बायकांसोबत हे काम केलं. आणि एकाच जागेवरून पुन्हा पुन्हा फोटो घेणं म्हणजे 'पुनर्छायाचित्रण'. मार्क क्लेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ ते ७९ दरम्यान अमेरिकेतल्या एकोणिसाव्या शतकातल्या सर्वेक्षणांच्या फोटोंच्या जागा शोधून तिथून पुन्हा फोटो घेतले. तेव्हा कळलं की टिमोथी ओसुलिव्हन या नामवंत छायाचित्रकाराने एका ठिकाणी कॅमेरा चक्क तिरपा धरला होता, त्यामुळे उतार आणि खडक आहेत त्यापेक्षा जास्त नाट्यमय दिसत होते. शंभर वर्षं लोक ते दृश्य खरं मानत होते.

तुमच्या प्रबंधात फोटो वापरण्याआधी

आता कामाचं. मी स्वतःसाठी केलेली यादी देते, तुमच्या विषयाप्रमाणे बदल करा.

१. तारीख आणि जागा. नुसतं वर्ष पुरत नाही, महिना हवा. उदाहरण आमच्या शेजारच्या धर्माबाद तालुक्यातल्या बाभळी बंधाऱ्याचं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानुसार त्याचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवावे लागतात. त्यानंतर ते बंद होतात आणि पाणी साठतं. १ मार्चला त्यातलं ०.६ टीएमसी पाणी खाली सोडायचं असतं. म्हणजे तिथली गोदावरी फोटोत कशी दिसेल, हे पावसाइतकंच या तारखांवर ठरतं. मोबाइलच्या फोटोत तारखेची माहिती फाइलमध्येच असते, पण व्हॉट्सअॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला की ती निघून जाते. म्हणून 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा.

२. 'संग्रहित छायाचित्र' दिसलं की थांबा. तो फोटो त्या बातमीच्या घटनेचा नाही, एवढंच त्याचा अर्थ सांगतो.

३. फोटोच्या शेजारी आकडा ठेवा. तालुक्याचा पाऊस बघा. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते, ती बघा. टँकरची नोंद आणि पैसेवारी बघा. दुष्काळ कागदावर तिथे सापडतो.

४. उपग्रहाचा फोटोही फोटोच आहे. सेंटिनेल-२ ची चित्रं मोफत मिळतात, दहा मीटरपर्यंतचा तपशील दिसतो. त्यावरून काढलेला हिरवाईचा निर्देशांक उपयोगी आहे. पण पावसाळ्यात ढग आड येतात, आणि पीक कोणतं, तण किती, शेंगा भरल्या की नाही, हे त्या निर्देशांकाला आपोआप कळत नाही. अप्पांचा ऑगस्टचा फोटो आठवा.

५. कॅमेरा उलट्या दिशेला फिरवून आणखी एक फोटो काढा. कोरड्या तलावाचा काढला तर पाठीमागे काय आहे तेही टिपा. ऊस आहे का, बोअर आहे का, गाळ भरून नेणारे ट्रॅक्टर आहेत का? दोन्ही फोटो प्रबंधात शेजारी शेजारी द्या.

६. ज्यांची जमीन आहे त्यांना फोटो दाखवा. परवानगीसाठी तर दाखवायचाच, पण त्यांना त्यात काय दिसतं हे विचारण्यासाठीही. त्यांनी सांगितलेलं फोटोखालच्या ओळीत त्यांच्या शब्दांत लिहा.

तोंडी परीक्षेत एक आक्षेप हमखास येतो: "मग फोटो वापरायचाच कशाला, आकडे पुरेसे नाहीत का?" माझं उत्तर असं की आकड्यांनी मला पाऊस किती पडला ते सांगितलं असतं. पण मे महिन्याचा फोटो बघून मी स्वतः का फसले, हे आकड्यांनी सांगितलं नसतं. तो फोटो दुष्काळाचा पुरावा नाही, आपल्या नजरेचा पुरावा मात्र नक्की आहे. आणि नजरेचा परिणाम फोटोपुरता राहत नाही. 'दुष्काळी भाग' म्हटलं की पाहुणे मुलगी द्यायला कचरतात, बदली झालेला माणूस रुजू व्हायला टाळतो, आणि आमच्यासारखी मुलं शहरात गेल्यावर गावाचं नाव जरा हळू आवाजात सांगतात.

भेगांची ती स्लाइड मी काढून टाकलेली नाही. आता तिच्या शेजारी ऑगस्टचा हिरवा फोटो आहे, दोन्हींखाली तारीख आणि त्या महिन्यापर्यंतचा पाऊस लिहिलाय. शीर्षक काढून टाकलं. त्याऐवजी खाली दोनच वाक्यं आहेत, अप्पांची. मे महिन्याच्या फोटोखाली 'काळं रान उलणार नाही तर काय करंल?' आणि ऑगस्टच्या फोटोखाली 'वरून हिरवं, आत पोचट.'

तुमच्या गावाचा असा एखादा फोटो असेल, जो सगळे बघतात पण चुकीचा वाचतात, तर मला जरूर लिहा. आणि पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा!